शेजारच्या काकूंची उलटतपासणी

प्रताप नगरात आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकू मी दिसले की विचारायच्या, "काय जेवली वं? किती? केव्हा?" मला त्याचा वैताग यायचा.

एका सकाळी आमच्या कुत्र्याने, शेरूने, उंदराच्या औषधाची वडी खाल्ली. त्याला ओकारी व्हावी म्हणून मी मिठाचं पाणी पाजणार, तोच काकूंनी येऊन भांडं काढून घेतलं. "आपल्या मनानं काही पाजू नको. डॉक्टरले फोन लाव."

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, किती, केव्हा. मी गडबडले. काकूंनीच सांगितलं, "अर्धी वडी, आत्ताच. भिंतीवरून दिसलं, तशीच धावत आली." डॉक्टरांनी शेरूला लगेच दवाखान्यात आणायला सांगितलं, तशा काकू मला म्हणाल्या, "औषधाचं पाकीट सोबत घे."

शेरू बरा होऊन घरी आला, त्या संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या. मी वरण-भातापासून सगळं सांगायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काय जेवला गा?" त्यांनी शेरूला विचारलं.