बाई आणि मुरमाचा उतार

बाई माणसाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या टायरकडे. रविवारी सकाळी कोथरूडच्या चौकात आम्ही सायकली घेऊन जमलो, की नमस्कार म्हणायच्या आतच त्यांचा अंगठा आमच्या पुढच्या चाकावर दाबलेला असे. "दगड झालाय हो हा! दगडावर दगड कशाला चालवताय?" असं म्हणून त्या परवानगी न विचारता हवा सोडायला लागत.

बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आमच्यापैकी कुणालाच त्यांनी शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, बाईंनी ग्रॅव्हल बाईक घेतली. डांबरावर चालते आणि रुंद, खडबडीत टायरांमुळे मुरमाच्या वाटेवरही चालते ती सायकल. माणसांची नावं लक्षात ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. मी नोकरीला जिथे, तेच माझं नाव: हिंजवडी.

हवेचं त्यांचं म्हणणं खरं होतं. आम्ही सगळे स्कूटरवर वाढलेले. टायर टणक म्हणजे चांगला, हे डोक्यात पक्कं. कात्रजच्या मागच्या मुरमाच्या उतारावर माझं चाक सटकलं आणि मी करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो, तेव्हा बाई वरून शांतपणे म्हणाल्या, "हिंजवडी, आता तरी थोडी सोडा." सोडली. चाक जमीन धरून चालायला लागलं आणि मला तो उतार चक्क आवडायला लागला.

स्वतःची चूक मात्र बाईंना कधी सापडली नाही. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी इतकी हवा सोडली, की पहिल्याच धोंड्यावर रिमला पोचा आला आणि टायरमधलं पंक्चर बुजवणारं पांढरं औषध त्यांच्या चष्म्यापर्यंत उडालं. चष्मा पुसत म्हणाल्या, "हा धोंडा गेल्या रविवारी इथे नव्हता." भूगोलाच्या बाईंपुढे कोण बोलणार?

मग एक दिवस बंगळुरूहून त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "दादा, आईची हाडं ठिसूळ झालीयेत. पडली तर पुन्हा उभी राहायची नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझं ती ऐकत नाही. तुम्ही सांगा ना." त्या रविवारी उतार सुरू व्हायच्या आधी मी दोनदा खाकरलो.

"मुलीचा फोन आला होता वाटतं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी पडू नका म्हटलंय, चालवू नका म्हटलेलं नाही. ज्या दिवशी मला भीती वाटेल, त्या दिवशी मीच सांगेन. तोवर तुम्ही घाबरायचं काम नाही." आणि गेल्या खाली. मी मागोमाग, जीव मुठीत धरून.

पुढचे कित्येक रविवार मी तसाच उतरलो. पावसाळा संपल्यावर एका सकाळी उताराच्या तोंडाशी बाई थांबल्या, सायकलवरून उतरल्या आणि ती हातात धरून पायी चालत निघाल्या. आम्ही सगळे आपापल्या टायरांत काहीतरी शोधत राहिलो. खाली पोहोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आज वाटली भीती."

त्याच दुपारी मला घरी बोलावून त्यांनी खडबडीत टायर काढायला लावले आणि रस्त्यावरचे गुळगुळीत टायर बसवून घेतले. जुन्या टायरांच्या खाचांत अजून मुरूम अडकलेला होता. बाईंनी पोहे दिले आणि चाक वाकडं बसवलंय म्हणून मला बोलल्या.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याशिवाय निघालो. कुणी कुणाची थट्टासुद्धा केली नाही. उतार संपून डांबर लागतं तिथे चहाची टपरी आहे. बघतो तर बाई तिथे उभ्या! डांबरी रस्त्याने आमच्याआधी पोहोचलेल्या. आमचा चहा सांगून ठेवला होता. त्यांच्या हातातला मात्र गार होत होता, कारण आमच्यातला शेवटचा माणूस अजून वरच होता आणि बाईंची नजर उतारावरून हलत नव्हती.

"बाई, चहा घ्या ना," मी म्हटलं.

"थांबा हो जरा. तो येऊ दे खाली." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हिंजवडी, इथे उभं राहिलं की कळतं, माझी मुलगी फोन का करायची ते."

दिवाळीनंतर बाई आपणहून मुलीकडे राहायला गेल्या.