मरीआईच्या तोंडावरचा पदर

झुंबरला वाचता येत नव्हतं, तरी सणसरमधल्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. कुणी कागदावर अक्षरं लिहून दिली की तो ती चित्रासारखी बघून उतरवायचा. आमच्या दवाखान्याची पाटीही त्याचीच. त्यानं 'औषध'मधल्या 'ष'चं पोट फाडायचं विसरून 'औपध' करून ठेवलं होतं, आणि डॉक्टर मोघ्यांनी ते हसून तसंच राहू दिलं होतं. मी तेव्हा त्या दवाखान्यात कंपौंडर होतो.

झुंबरच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. पाटाचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला, चराई उरली नाही, तशी वडलांनी मेंढरं विकली. भाऊ शेतीला लागले. झुंबर लहानपणी मेंढरांच्या पाठीवर हुरमुंजाच्या तांबड्या खुणा करायचा, तो रंगातच राहिला. पोळ्याला शिंगं, लग्नाला भिंती, बैलगाड्यांच्या फळ्या, वालचंदनगरच्या दुकानांचे फलक, काही म्हणून तो सोडत नसे. चाळिशीचा, काटकुळा, नखांत कायम निळा नाहीतर पिवळा रंग. बोलणं कमी. बायको गोजरबाई मात्र मोकळ्या गळ्याची. दोघांना मूलबाळ नव्हतं.

गावाबाहेर पाटाच्या कडेला मरीआईचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे तीन भिंती आणि पत्रा. पुढं शेंदूर लावलेला दगड, आणि मागच्या भिंतीवर देवीचं चित्र. दरवर्षी आखाड लागला की पावसानं उडालेलं ते चित्र झुंबर नव्यानं काढायचा. त्याचे त्यानंच घालून घेतलेले नियम होते. त्या दिवशी उपास. पाटावर आंघोळ. काम सुरू केलं की डोळे काढून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. डोळे सगळ्यात शेवटी. देवीचा एक हात तलवारीवर आणि एक हात वर, आशीर्वादाचा. वीस वर्षं त्यात फरक नव्हता. या कामाचं तो काही घेत नसे.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये तो ताप आला. मुंबईहून सुट्टीला आलेल्या कुणाबरोबर आला म्हणतात. आधी वालचंदनगरच्या चाळींत, मग आमच्याकडं. डॉक्टर त्याला फ्लू म्हणत, गाव नुसतं 'नवा ताप' म्हणे. घरंच्या घरं आडवी झाली. उसात पाणी द्यायला माणूस मिळेना. दवाखान्याच्या ओसरीवर इतकी गर्दी, की मी मिश्रणाच्या बाटल्या खिडकीतून देत होतो. बहुतेक जण आठवड्यात उठत, पण म्हातारी माणसं चटकन जात.

डॉक्टरांनी झुंबरला बोलावून घेतलं. "हे बघा झुंबर, मोठा पत्रा घ्या. त्यावर एक बाई काढा, खोकताना तोंडावर पदर धरलेली. खाली मी लिहून देतो तेवढं लिहा."

"बाई कोनची काढू?"

"कोणतीही. फक्त पदर नीट दिसला पाहिजे."

मजकूर मी लिहून दिला आणि त्याला वाचूनही दाखवला. खोकताना तोंडावर फडकं धरा. आजाऱ्याला निराळं निजवा. बाजारात, देवळात गर्दी करू नका.

शेवटची ओळ ऐकून तो थांबला. "देवळात येऊ नगा, आसं ल्ह्यायचं?"

"गर्दी करू नका, असं."

कागद टोपीत खोचून तो गेला. पण संध्याकाळी परत आला आणि खिडकीशी उभा राहिला. त्याच दुपारी सोनबाआबांनी त्याला गाठलं होतं. सोनबाआबा म्हणजे मरीआईची पूजा ज्यांच्या घरात होती ते, गावातलं वडीलधारं माणूस. देवी कोपली आहे, या साली चित्र लवकर काढ, मोठं काढ, मंगळवारी सगळं गाव दर्शनाला आणतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"कंपौंडरसाहेब," झुंबर म्हणाला, "एक म्हनतो या, एक म्हनतो येऊ नगा. दोनी माज्याच हातानं ल्ह्यायचं. मग मी कुनाचा?"

मला हसू आलं, पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून मी ते गिळलं. "तू दोघांचं काम कर. लोक काय करायचं ते करतील," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईला ताप भरला. पत्र्याचं काम त्यानं घरातच केलं, तिच्या अंथरुणापासून दोन हातांवर पत्रा भिंतीला टेकवून. अधूनमधून उठून तिला पेज द्यायचा, कपाळावरची पट्टी बदलायचा. ती खोकली की पदर तोंडाशी नेई. तेलरंगाच्या वासानं खोकला वाढतो म्हणून तिनं कुरकुर केली, तसं त्यानं दार उघडं टाकलं. तीन दिवसांत पाटी झाली. आम्ही ती दवाखान्याच्या भिंतीवर ठोकली. चित्र फारच छान आलं होतं. बाईच्या डोळ्यांत थकवा होता आणि थोडा रागही. डॉक्टर म्हणाले, "ही खरीच आजारी आहे हो!" गोजरबाई आहे, हे तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याही नाही.

सोमवारी पहाटे तो मरीआईच्या देवळात गेला. उपास, आंघोळ, सगळं रीतीनं केलं. दिवसभर काम चाललं. पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी त्याला लांबून पाहिलं, पण बोलायचं नाही हे ठाऊक असल्यानं कुणी हाक मारली नाही. दिवस कलता कलता तो घरी आला तो थरथरत. गोजरबाईला तेवढ्यात थोडं बरं वाटू लागलं होतं. तिनं त्याला घोंगड्यात गुंडाळलं. पुढचे चार दिवस तो जवळजवळ शुद्धीत नव्हता.

मंगळवारी सोनबाआबा वाजतगाजत गाव घेऊन देवळाशी गेले आणि वाजंत्री तिथंच थांबली. भिंतीवरच्या मरीआईनं तोंडावर पदर धरला होता. तलवार होती, मळवट होता, पण आशीर्वादाचा हात वर नव्हता. तो तोंडाशी होता आणि त्यात हिरव्या काठाचा पदर होता.

पुढचं मला सारजानं सांगितलं. ती आमच्या दवाखान्यात झाडलोट करायची. सोनबाआबा म्हणाले, "आईनं आपल्याकडनं त्वांड झाकलं. आपला इटाळ झालाय तिला." कुणी रडायला लागलं. पण सारजा पुढं झाली आणि तिनं स्वतःचा पदर तोंडावर घेतला. मग तिच्या शेजारणीनं. बायका लांब लांब उभ्या राहिल्या, एकेक करून पाया पडल्या आणि घरी गेल्या. "आईच धरतीया म्हनल्यावर आपुन कोन?" सारजा मला म्हणाली. त्याआधी दोन-तीन दिवस ती डॉक्टरांची तीच पाटी रोज पुसत होती. तेव्हा मात्र तिनं पदर कधी धरला नव्हता.

तीन दिवसांत दवाखान्याच्या पाटीवरच्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लागलं. तेव्हा कुठं आम्ही नीट पाहिलं. दोन्हीकडं एकच चेहरा होता, आणि तो गोजरबाईचा होता.

झुंबर उठून हिंडू लागला तेव्हा ओसरीवर बोलावून डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. "शाबास! मी महिनाभर ओरडून जे झालं नाही, ते तुम्ही एका युक्तीनं केलंत."

झुंबरचा चेहरा उतरला. "युक्ती न्हाय साहेब. आईसंगट कुनी युक्ती करतं व्हय?"

"मग कसं काढलंत?"

"मला ठावं न्हाय."

डॉक्टर डोळे मिचकावून आत गेले. त्यांना वाटलं, हा कबूल करायला भितो.

तिकडं सोनबाआबांनी चारचौघांत त्याला धरला. "डाक्टरनं शिकिवलं न्हवं तुला? आईला कुंकू लावणारा हात तू डाक्टरला इकलास, लेका."

"न्हाय आबा. शप्पत घेतो."

"मग काढलं कुनी ते?"

"हात माजाच व्हता," झुंबर म्हणाला. "पन मला ठावं न्हाय."

ते कुणालाच पटलं नाही. मला तो पुन्हा पुन्हा एकच सांगायचा. पदराचा हिरवा काठ काढलेला त्याला आठवत होता, अगदी दोन बोटं रुंद, सरळ यावा म्हणून श्वास धरून काढलेला. डोळे काढलेलेही आठवत होते. हात कुठं होता, तेवढं आठवत नव्हतं. तापात चूक झाली असेल, तर आपण देवीचं रूप बिघडवलं. देवीनंच करून घेतलं असेल, तर तिनं गोजरबाईचं तोंड कशाला घेतलं? आणि तीन दिवस पत्र्यावर तेच काढून हाताला नुसती सवय झाली असेल, तर वीस वर्षं जे काढलं तीही नुसती सवयच होती का? हा शेवटचा प्रश्न त्यानं मला इतक्या हळू विचारला, की मी तो न ऐकल्यासारखं केलं.

गोजरबाईला यातलं काही नको होतं. ती पाण्याला निघाली की बायका वाट सोडून उभ्या राहायच्या. एकीनं तिच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला. ती कावरीबावरी झाली. "आवं, पुसा ते," ती म्हणाली. "लोक माज्या पाया पडत्यात. मला लाज वाटती. काल भांडायचं व्हतं मला शेजारनीसंगं, तर ती हात जोडून हुबी!"

बायकोनं सांगितलं म्हणून तो रंग घेऊन देवळात गेला. तिथं सारजा आणि आणखी दहा-बारा बायका बसल्या होत्या. "ताप हाय तवर हात लावू नगं," त्या म्हणाल्या. सोनबाआबाही आले. त्यांना तर चित्र आजच पुसून हवं होतं. शेवटी आबाच म्हणाले, "कौल लावू."

दगड पाण्यानं ओला करून त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर चित्र पुसायचं, डावी पडली तर ठेवायचं. सगळे बसले. झुंबर हात जोडून समोर. ऊन वर आलं, पत्रा तापला. दगड वाळला, पाकळ्या सुकून दगडालाच चिकटल्या. एकही पडली नाही. आबांनी पुन्हा पाणी शिंपडलं, तरी नाही. आबा म्हणाले, "उद्या बगू," आणि उठताना त्यांना खोकला आला.

दुसऱ्या दिवशी आबा आलेच नाहीत. त्यांना आणि त्यांच्या बहिणीला, बानूबाईला, एकदमच ताप भरला. बानूबाई पाचव्या दिवशी गेली. आबा उठले, पण पार वाळून गेले. झुंबर त्यांना भेटायला गेला तेव्हा दारातच थांबला. आबा आतून म्हणाले, "त्वांड झाकून ये आत." तो आत जाऊन बसला. चित्राचं नाव आबांनी काढलं नाही, त्यानंही नाही. बानूबाईनंही देवळात पदर तोंडावर धरला होता. तो विचार दोघांच्याही मनात असणार.

श्रावण सरता सरता ताप ओसरला. गाव म्हणालं, आईनं राखलं. डॉक्टर म्हणाले, साथ आपोआपच उतरली आणि थोडं पाटीनंही काम केलं. झुंबरनं दोन्ही ऐकलं.

पुढच्या आखाडात त्यानं भिंत धुतली आणि देवी पहिल्यासारखी काढली, हात वर करून. चेहरा कुणाचाच येऊ नये म्हणून फार जपला. बायकांनी पाहून सांगितलं, "ह्ये बरं न्हाय आलं." त्यालाही तसंच वाटत होतं. गोजरबाई मात्र खूश झाली आणि त्याच दिवशी शेजारणीशी मनसोक्त भांडली. त्यानंतरही तो दरवर्षी काढत राहिला. उपास करायचा, बोलायचा नाही. पण डोळे काढायच्या आधी कुंचला खाली ठेवून बराच वेळ नुसता बसायचा, असं सारजा सांगायची.

दोन वर्षांनी माझी बदली इंदापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात आला. मला वाटलं निरोपाला आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "कंपौंडरसाहेब, तुमी त्या साली समद्यांचा ताप वहीत ल्हीत व्हता न्हवं? माजा कवा चढला, ते हाय का त्यात? डोळं काढायच्या आदी का मागनं?"

मी कपाटातून सत्तावन्नची वही काढली. पान सापडलं. त्याचं नाव होतं, ताप एकशे तीन, वार बुधवार. गोजरबाईचा निरोप आल्यावर मी घरी जाऊन ताप मोजला होता तो दिवस. सोमवारचं काहीच नव्हतं.

मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं वही माझ्या हातातून घेतली, वाचता येत नसतानाही त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघितलं.

"बुधवार," तो म्हणाला. "मंजे तुमालाबी ठावं न्हाय."

"नाही रे बाबा."

त्यानं वही परत दिली, डोक्यावर टोपी घातली. बाहेर त्यानं अर्धवट रंगवलेली एक बैलगाडी उभी होती. गाडीवाला केव्हाचा ताटकळला होता, त्यानं हाक मारली, आणि झुंबर तिकडं गेला.