उरलेल्या रकमेचं काय करणार?

गेल्या महिन्यात एका सोमवारी आम्ही दिग्रसच्या बाजारात मदतीचा डबा घेऊन निघालो होतो. आमच्या शाळेची व्हॅन चालवतात ते प्रेमदादा… त्यांची लेक कविता नागपूरला ॲडमिट आहे. हृदयाची झडप बदलायचीय आणि सरकारी योजनेचे पैसे धरूनही खर्च भागत नाही.

दारातच गवईकाकांनी अडवलं. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज-फाटे तेच बघतात. "बाई, परवानगी काढली काय? वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते."

माझं डोकंच फिरलं. पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना कागदाची पडलीय! तोंडाला येईल ते बोलले मी… वयाचाही मान ठेवला नाही.

काका शांतच. "मागं एकानं आजारी पोराचा फोटो लावून डबा फिरवला. पोराच्या घरी रुपया नाही पोचला. उद्या लोकांनी प्रेमच्या पोरीवर तोच संशय घ्यावा काय?"

मग काय, डबा आत ठेवला आणि माझ्याच स्वयंपाकघरात पाच जणांची समिती झाली. काका ठराव सांगत होते, मी लिहीत होते. उद्देश, जमा करणाऱ्यांची नावं, बँक खातं… आणि मग काका म्हणाले, "लिहा, काम पूर्ण झालं नाही किंवा रक्कम उरली, तर तिचं काय करणार."

माझा पेन थांबला. काम पूर्ण झालं नाही म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं होतं. समोर बाप बसलेला. "हे राहू द्या ना काका," मी म्हटलं.

"लिहा मॅडम," प्रेमदादाच बोलले. "दुसऱ्या गरजू पेशंटले द्या म्हणा." आणि त्यांनी सही केली. मी उठून गॅसवर उगाच चहा ठेवला, कारण मला तिथे बसवेना.

आता खरी गोष्ट. दादांच्या घरी कोणताही सरकारी कागद आला की ते फोटो काढून कविताला पाठवतात आणि ती वाचून समजावून सांगते. लाइटबिल असो, पीकविमा असो… त्या दिवशीही सवयीनं ठरावाचा फोटो गेला.

लक्षात आलं तेव्हा माणूस पांढराफटक पडला. लगेच डिलीट केला. तिनं पाहिला नसेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मला तिचा फोन. "मॅडम, मी वाचलं. माह्या बाले, बाबाले नका सांगू… पण 'दुसऱ्या पेशंटले' असं मोघम काहून लिहिलं? माह्या बाजूच्या खाटेवर बाभुळगावची मीनाताई आहे. तिले दोन लहान लेकरं आहेत. तिचं नाव टाका."

वीस वर्षांची पोर! 'टाकते' म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला धरून रडले.

गवईकाकांनी ठराव पुन्हा लिहून दिला. दादांना सांगितलं, एक नाव पक्कं हवं म्हणून टाकलंय. त्यांनी कागद हातात घेतला… मीनाताईचं नाव वाचलं. दवाखान्यात कविताच्या बाजूच्या खाटेवर त्यांनी तिला पाहिलं होतं.

"तिनं पाह्यला नं फोटो?"

मी मान डोलावली. त्यांनी सही केली, बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसले आणि तिथूनच पोरीला फोन लावला. तांड्याच्या बंजारा बोलीत काय बोलले ते मला कळलं नाही. काच वर होती आणि खांदे हलत होते.

परवानगी काल आली. गवईकाकांच्या पाया पडून माफी मागितली. आता रविवारी बाजारात आम्ही आहोत. परवानगीची प्रत बघायला मागा, देणार असाल तर पावती घ्या… बिनधास्त मागा. हे सगळं दादांना आणि कविताला विचारूनच लिहितेय.

ऑपरेशनची तारीख अजून मिळालेली नाही. रोज देवापुढे हात जोडते आणि एकच मागते… पैसे उरू देत, मीनाताईला मिळू देत. पण कविता आमच्यात असताना उरू देत.