कबनूरच्या बसमधले अण्णा

माणसं नोकरीवर पोचायचं म्हणून प्रवास करतात. आमच्या आस्थापना विभागातले अण्णा मात्र रोज प्रवास करायला मिळावा म्हणून नोकरी करत होते. विद्यापीठ हा त्यांच्या लेखी बसचा एक थांबा होता, जरा लांबलेला, इतकंच. सकाळी कबनूरला स्टाफच्या बसमध्ये चढायचं, संध्याकाळी त्याच बसने परत जायचं आणि या दोन सुखांच्या मध्ये जो वेळ उरतो त्यात लोकांच्या रजा, वेतनवाढी आणि सवलती मार्गी लावायच्या, असा त्यांच्या आयुष्याचा सरळ आराखडा होता. मी हेर्ल्याला चढायची. तोवर अण्णा डाव्या खिडकीला कपाळ टेकून, डोळे अर्धवट मिटून बसलेले असत. झोपलेत म्हणावं तर मी शेजारी टेकले की डोळे न उघडता म्हणायचे, "या ताई. आज धुकं लई ग्वाड पडलंय." धुकं गोड पडतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुढे मग शिरोलीपर्यंत ते एक शब्द बोलत नसत. बाहेर उसाचे फड सरकत राहायचे, एखाद्या गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर आडवा यायचा आणि अण्णांच्या चेहऱ्यावर असा काही भाव असायचा, की या माणसाला आपण मस्टरवर सही करायला नेतोय याची आपल्यालाच लाज वाटावी.

थंडीच्या दिवसांत परतीचा प्रवास जास्त रंगतदार असे. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम, आणि बस तर मावळतीलाच विद्यापीठातून सुटणार. त्यामुळे अण्णांचं रात्रीचं जेवण बसमध्ये व्हायचं आणि त्याची काळजी सगळ्या बसला असायची. आमचे ड्रायव्हर मामा मूळचे बिद्रीकडचे, आवाज खणखणीत. पंचगंगेचा पूल आला की आरशातून ओरडायचे, "अण्णा, उरका! बुडाला न्हवं दिवस!" मागच्या बाकावरचे लेखा विभागातले कोणी मान वाकडी करून पश्चिमेकडे बघत आणि हवाला देत, "आहे अजून, अर्धा आहे. भाकरी घ्या अजून एक." एका संध्याकाळी सूर्य झाडांमागे गेला आणि अण्णांचा दहीभात तसाच राहिला, तर मामांनी बस पुलाच्या पुढच्या चढावर नेऊन उभी केली. तिथून सूर्य पुन्हा नखाएवढा दिसला. अण्णांनी दहीभात संपवला, डब्याला झाकण लावलं आणि सूर्याला असे हात जोडले, जसे वरिष्ठांना जोडतात.

अण्णांचा आवाज हा एक वेगळाच विषय. त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात यंत्रमाग आणि मागच्या दोन खोल्यांत माणसं. मागांच्या खडखडाटात जन्मलेलं माणूस हळू बोलूच शकत नाही. अण्णा कुजबुजले की तळमजल्यावरच्या आवक-जावक विभागाला ऐकू जायचं. एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "साहेब आज तापल्यात, उद्या येऊ." आतून साहेबांचाच आवाज आला, "तापलो नाही. या आत." शांततेचं मात्र त्यांना भय होतं. ग्रंथालयात गेले की अस्वस्थ व्हायचे, किल्ल्या वाजवायचे. एका शोकसभेत सगळे मान खाली घालून उभे असताना हे खोकू लागले. शेजारच्याने दटावलं, "अण्णा, दोनच मिनिटं आहेत." अण्णा म्हणाले, "व्हय, पण लई मोठी हाईत." झोपेचंही तसंच. घरी माग चालू असतील तरच त्यांचा डोळा लागायचा. बसमध्ये लागायचा, कारण आमच्या बसचं इंजिन मागांच्याच घराण्यातलं होतं.

ऑफिसात त्यांच्याकडे रजा प्रवास सवलतीचं टेबल होतं. या टेबलासाठी विद्यापीठाला याहून योग्य माणूस हुडकूनही सापडला नसता, आणि याहून धोक्याचाही. कोणी नुसतं विचारायला आलं की "अण्णा, कन्याकुमारीला जावं म्हणतोय, काय काय जोडावं लागेल?" तर अण्णा समोरची खुर्ची ओढायचे, पेन बंद करायचे आणि समोरच्या माणसाला कोल्हापूर स्टेशनातून उचलून घेऊन जायचे. मिरजेला गाडी कशी बदलायची, कर्नाटकात पहाट कशी होते, माती कुठे लाल होते, नारळ कुठून सुरू होतात, आणि मग जमीन संपते तिथे तीन समुद्रांचं पाणी कसं एकमेकांत शिरतं. ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम खरंच जाऊन आल्या आणि नाराज होऊन त्यांच्यासमोर बसल्या, "अण्णा, तुम्ही सांगितलं तसं काही नव्हतं हो तिथे." अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही दुपारच्याला गेला असणार." स्वतः अण्णा पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तुम्ही का नाही घेत सवलत, म्हणून विचारलं तर हसायचे. "मी रोजच जातोय की."

अशा माणसाला विद्यापीठाची क्वार्टर मंजूर झाली. आवारात झाडांमागे बैठी घरं आहेत, मागे तळं, सकाळी मोर येतात. लोक त्या घरांसाठी वर्षानुवर्षं झुरतात. अण्णांनी ती नाकारली. पुढे पुन्हा नंबर लागला, पुन्हा नाकारली. आमचा सगळा विभाग त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाला. अण्णा शांतपणे म्हणाले, "दारातनं निघायचं आणि लगेच दारात पोचायचं. मधी काय?"

त्या संक्रांतीला अण्णांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा मी वहिनींना पहिल्यांदा नीट भेटले. वहिनी शाहूवाडीकडच्या, डोंगरातल्या भातशेतीच्या गावातल्या. बारीक चणीच्या, हसऱ्या. माग सुरू होते. आम्ही दोघी एकमेकींच्या ओठांकडे बघत, ओरडत बोलत होतो आणि निम्मं हसण्यावारी नेत होतो. शेवटी त्यांनी मला हाताला धरून परसात नेलं. तिथे आवाज जरा कमी होता. त्यांनी विचारलं, "ताई, ती क्वार्टर का काय म्हणत्यात, ती ह्यांना कधी मिळायची वो? नंबरच लागंना म्हणं."

तुळशीजवळ वाकून मी पानांवरची धूळ पुसत राहिले. मागांतून उडालेली कापसाची बारीक लव होती ती, सगळ्या घरावर बसते तशी.

वहिनीच पुढे म्हणाल्या, "उजव्या कानानं मला कमी यायला लागलंय. डॉक्टर म्हणाला, ह्या आवाजातनं बाहेर पडा, न्हायतर दुसरा बी जाईल. तुमी बोलू नका ह्यांच्याजवळ. मागाबिगर त्यांस्नी झोप लागत न्हाय. नंबर आपसूक लागला तर बरं, मी मागून घ्यायला नको." आणि मग, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कोणाबद्दल होतं, त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

कानाचं बोलणार नाही असा वहिनींना शब्द दिला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी आडून सुरुवात केली. "अण्णा, वहिनींशी शेवटचं कधी बोललात?"

"आत्ताच की. निघताना."

"काय म्हणाल्या?"

"डबा."

"तसं नाही. माग बंद असताना, निवांत?"

अण्णांनी डोळे उघडले. "आमचं बंद असलं तर शेजारचं चालू असत्यात," म्हणाले. खिडकीला टेकलेलं कपाळ त्यांनी काढून घेतलं. शिरोली आली, पूल आला, नदीवर धुक्याची चांगली जाड साय धरलेली होती. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उतरताना म्हणाले, "एवढी वरसं झाली, ताई. लग्नात तेवढं माग बंद हुतं, तर सनई हुती. ती बी जोरातच हुती."

आणि त्याच आठवड्यात अण्णांनी प्रवासाला जायचं ठरवलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक दुसऱ्या इमारतींतून विचारायला आले. कुणी काश्मीर म्हटलं, कुणी रामेश्वरम. अण्णा म्हणाले, "शाहूवाडी. हिच्या म्हायेरी." जमलेल्यांची तोंडं उतरली. कोणीतरी म्हणालं, निदान सवलत तरी घ्या. अण्णांनी आपल्याच टेबलावर बसून आपल्याच प्रकरणाचा निकाल दिला, "नियमात बसत न्हाय. साधी रजा टाकतोय."

ते परत आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी बसमध्ये चढले. अण्णा जागे होते आणि माझीच वाट बघत होते. डोळे तांबारलेले. पहिल्या दोन रात्री टक्क जागे होते म्हणे. एवढी शांतता, की स्वतःचं रक्त वाहिलेलं ऐकू येत होतं. तिसऱ्या सकाळी भातखाचरांच्या बांधावर दोघं बसले असताना वहिनी काहीतरी बोलू लागल्या. इकडची कुणाची म्हैस, तिकडचं कुणाचं लग्न, असलंच. "ताई," अण्णा म्हणाले, आणि शब्द शोधण्यासाठी थांबले; हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहत होते. "ताई, हिचा आवाज असला बारीक हाय, हे मला ठावंच न्हवतं. घरात ती आमच्यासारखी वरडतीया. मला वाटायचं, तोच तिचा आवाज. तिथं बांधावर बघितलं तर निराळीच कोण तरी बसलीया माझ्याशेजारी. मी बोलू दिलं तिला. दिवसभर बोलत हुती." मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "कानाचं बी सांगितलं तिनं. मी आपला रोज उसाची तुरं बघत जात हुतो."

क्वार्टरसाठी त्यांनी त्याच दिवशी अर्ज केला. पण दोनदा नाकारलेल्या माणसाचं नाव यादीत तळाला जातं, हा नियम खुद्द अण्णाच इतरांना सांगत आले होते. त्यांनी कुठे रदबदली केली नाही. तोवर मधल्या काळात त्यांनी घरातलं झोपायचं ठिकाण हलवलं, मागांपासून लांब, परसातल्या पडवीत. मुलाशी भांडून माग लवकर थांबवायला लावले. पावसाळा गेला, उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला आणि संपत आला, तेव्हा कुठे झाडांमागचं एक जुनं कौलारू घर त्यांना मिळालं. शेवटच्या दिवशी बस विद्यापीठाच्या फाटकाशी थांबली. अण्णा उतरायला लागले तेव्हा मामा म्हणाले, "आता आम्हांस्नी मावळती कोण दाखवणार, अण्णा?" अण्णा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

प्रवास संपला म्हणून अण्णा सुधारले असं मात्र नाही. घरापासून ऑफिस हाकेच्या अंतरावर, तरी हे सकाळी उलट्या दिशेने निघत, तळ्याला वळसा घालून, वसतिगृहामागून, बागेतून फिरून ऑफिसात घामाघूम होऊन पोचत आणि विचारलं तर म्हणत, "आज जरा वाटंत वेळ झाला." दुपारच्या सुट्टीत आमची बस वडाखाली उभी असे, तिथे जाऊन बसत. मामा त्यांच्यासाठी इंजिन चालू करून ठेवत. डिझेल जळतं म्हणून कोणीतरी तक्रार केली, तेव्हा अण्णांनी स्वतःच ते बंद करायला लावलं. संध्याकाळी मी कधी बस सुटायच्या आधी त्यांच्या घरी डोकावले, तर दोघं पायरीवर बसलेले असत. वहिनी बोलत असत. अण्णा त्यांच्या डाव्या बाजूला बसत, चांगल्या कानाकडे, आणि फार बोलत नसत.

क्वार्टर काही जन्माची नसते. अण्णा निवृत्त झाले आणि घर रिकामं करायची वेळ आली. मुलगा कबनूरला न्यायला आला होता, टेम्पो घेऊन. अण्णांनी सामान टेम्पोत भरू दिलं आणि मग ड्रायव्हरला वेगळाच रस्ता सांगितला. पन्हाळ्याच्या बाजूने, मलकापूरकडे, वहिनींच्या गावी. मुलगाही पुढच्या सीटवर जाऊन बसला.

परवाची गोष्ट. सकाळी बस हेर्ल्याहून निघाली आणि माझा फोन वाजला. अण्णांचा नंबर. कानाला लावला तर काहीच ऐकू येईना. नेटवर्क गेलं असेल म्हणून मी मोठ्याने "अण्णा, अण्णा" करत राहिले. मामांनी आरशातून विचारलं, "कोण, आमचं अण्णा?" मी मान हलवली. "ऐकू येत नाही हो काही." मामांनी बस उसाच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

तेव्हा कळलं, की अण्णा बोलतच होते. मी फोनचा आवाज मोठा केला. मागची माणसं पुढे येऊन वाकली. लेखा विभागातल्यांनी घड्याळ बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. बसमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"काय न्हाय, ताई," अण्णा हळू, अगदी हळू म्हणत होते. "ही झोपलीया हितं पडवीत, म्हणून आस्ते बोलतोय. भात निसवायला लागलंय, लोंब्या भाईर पडत्यात. सगळ्या खाचरातनं वास सुटलाय. म्हटलं, कुणाला तरी सांगावं."

मग ते गप्प झाले, पण फोन ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पडत होतं. आम्ही ते ऐकत बसलो. मामांचा हात किल्लीवर होता, पण बराच वेळ त्यांनी ती फिरवली नाही.