फक्कीची वाकडी रेघ

सन दोन हजार तेवीस. माझं वय अडुसष्ट. पुंडलिकनगरात चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर मी भिंतीची रेघ मारत होतो.

वीट लावायच्या आधी भिंत कुठून जाणार, ते पांढऱ्या फक्कीनं आखतात. सगळे दोरी ताणून आखतात. मी मुठीत फक्की घेऊन नुसता चालत जायचो, दोरी मागून लावून बघायची. चाळीस वर्षांत बोटभर फरक नाय. शाळा दुसरीपर्यंत, पण पाय शिकलेले.

त्या दिवशी समोरच्या कॉलमवर नजर धरून सरळ निघालो.

"उस्ताद, रुको! कां जारे?" माझा जोडीदार इस्माईल ओरडला.

थांबलो. पुढं वीतभर स्लॅब, मग खाली रस्ता. कॉलम पार उजवीकडं राहिलेला. मागं पाहिलं तर पांढरी रेघ निम्म्यातून डावीकडं वळत माझ्या टाचेपर्यंत आलेली.

"ही कुणी मारली?"

इस्माईलनं माझ्या हाताकडं बोट केलं. माझीच मूठ पांढरी होती.

"ऊन लागलं असंल," म्हणलो आणि पुन्हा पहिल्यापासून निघालो. पाऊल जपून टाकलं. पायाला कुठंच वळण लागलं नाय, आईशपथ. तरी धडकलो इस्माईलच्या छातीवर. तो कडेला आडवा उभा राहिला होता. दुसरी रेघ पहिलीच्या अंगावरच पडलेली. तेच वळण, तीच कड. जणू कुणी खांद्याला धरून नेत होतं. बाकीचे बघत होते. हसले असते तर बरं वाटलं असतं.

साईट इंजिनिअर मॅडम वर आल्या. "बाबा, खाली उतरा. डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय वर यायचं नाही."

"मला शिकवता? तुमचा जन्म नव्हता तवापासून..."

"म्हणूनच सांगते. उतरा."

घरी बायको म्हणाली, "झोपेत श्वास बंद पडतो तुमचा. मी आकडे म्हणत बसते. कधी तीस होतात. मढ्याशेजारी पडल्यागत वाटतं. अन् मशीन ठेवलं कपाटात!"

मशीन होतं खरं, डॉक्टरनं आधीच दिलेलं. नाकावर मास्क, त्याला नळी. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. सोंड लावून झोपायला मी काय गणपती हाय?

डॉक्टरनं कान तपासले, साखर तपासली. दुसरं काय निघालं नाय. म्हणाला, "श्वास अडला की झोप मोडते, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. दिवसा डोळे उघडे, पण तोल सांभाळणारा भाग पेंगतो. पाय वाकडा जातो अन् तुम्हाला सरळच वाटतं."

तीन महिने रोज मास्क लावला. मग कागद घेऊन गारखेड्याच्या नव्या साईटवर तिसरा मजला चढलो. मॅडमनं कमरेला बेल्ट बांधायला लावला. चाललो. रेघ कॉलमपर्यंत गेली, पण शेवटाला चार बोटं डावीकडं. सगळं परत येईलच असं नाय, हे डॉक्टर म्हणालाच होता.

"चार उंगल तो कुछ नै, उस्ताद," इस्माईल म्हणला.

"माणसाला काय नाय. भिंतीला लई झालं."

आपण सरळ चाललोय, हे आपल्याला वाटून भागत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढलोच नाय. मॅडमला सांगून तळमजल्यावर प्लास्टरला उभा राहिलो.