मला तो राजा निर्दोषच हवा होता

लेक नववीत असताना तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वाकू लागल्याचं लक्षात आलं. डॉक्टरांनी प्लास्टिकचा कडक पट्टा दिला, झोपतानाही घालायचा. तिने फारशी कुरकुर केली नाही. फक्त शर्ट एक साइज मोठे घ्यायला लावले.

त्याच वर्षी शाळेने मध्ययुगातल्या एका इंग्रज राजावर नाटक बसवायला घेतलं. कुबडा, कपटी, गादीसाठी लहानग्या पुतण्यांचा जीव घेणारा, अशी त्याची ख्याती. राजा झालेली मुलगी तालमीत शर्टाखाली उशी कोंबून लंगडत आली आणि सगळे खो खो हसले. लेकीने हे जेवताना अगदी सहज सांगितलं.

मग मी त्या राजाच्या मागेच लागले. काही वर्षांपूर्वी एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडल्याचं वाचलं. कुबड नव्हतंच. कणा एका बाजूला वाकलेला होता, माझ्या लेकीसारखा. त्याच्यावरची एक कादंबरीही मिळाली. तिच्यातला राजा न्यायी होता, बायकोच्या आजारपणात तिच्या उशाशी बसणारा, आणि त्याची बदनामी त्याला हरवणाऱ्यांनी केलेली. सकाळी अल नहदातल्या आमच्या घरून दुबईला ऑफिसला जाताना नवरा ट्रॅफिकमधून गाडी पुढे सरकवायचा आणि मी शेजारी बसून वाचायचे. संपल्यावर ती लेकीच्या टेबलावर ठेवली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो.

“वाचलंस का? कसं वाटलं?”

“चांगलं आहे. बट आई, रायटरला तो इनोसंट हवाच होता.”

“नव्हता कशावरून?”

“वुई डोन्ट नो. मारलं असेलही त्याने. पण मारलं असेल तर राज्य हवं होतं म्हणून. पाठ वाकडी होती म्हणून नाही.”

मी गवारीच्या शिरा काढत राहिले. राजा निर्दोष ठरला की तालमीतलं ते हसू पुसलं जाईल, असं मी धरून चालले होते. तिला त्याच्या चांगुलपणाची गरजच नव्हती.

“मी भेटू का तुमच्या ड्रामा टीचरना?” मी विचारलं.

“नको. आय विल टॉक.”

ती बोलली आणि टीचरना पटलं. प्रयोगाच्या दिवशी राजा उशीविना, सरळ चालत आला, मऊ आवाजात बोलला. कोणी हसलं नाही. पुतण्यांच्या खोलीकडे त्याने माणूस धाडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लेक विंगेत उभी राहून संवाद सांगत होती.

परतताना नवऱ्याने विचारलं, “मग, मारलं का त्याने?”

“नाही,” मी म्हणाले.

“आई, यू आर होपलेस,” मागच्या सीटवरून लेक म्हणाली आणि हसत सुटली.

आता ती कॉलेजात आहे. फोनवर अजूनही कधीतरी हा विषय निघतो आणि आम्ही दोघीही मागे हटत नाही.