भट्टीची पाळी

हे काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. सगळे ह्यांना आगकाका म्हणतात. निळ्या काचेतून आत डोकवायचं, वितळलेल्या काचेच्या रसाचा रंग बघायचा आणि भट्टी किती तापली ते सांगायचं, यात ह्यांचा जन्म गेला. यंदा उजव्या डोळ्यातला दाब वाढला. आगीचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला ते अजून पटत नाही. “ऑपरेशन लांबवू नका, गेलेली नजर परत येत नसते,” असंही ते म्हणाले. कंपनीच्या विम्यावर तारीख ठरली.

तेवढ्यात संप झाला. भांडण विम्याचंच होतं. हप्त्यातला स्वतःचा वाटा कंपनीला कामगारांच्या पगारातून कापायचा होता. संप सुरू होताच नोटीस लागली: जो कामावर नाही त्याचा विमा बंद, हवा असेल तर अख्खा हप्ता स्वतः भरा. पगारच नाही तर भरणार कुठून?

पण भट्टी विझवता येत नाही. रस आत थिजला की तिला तडे जातात. एक तरुण सभेत ओरडला, “विझू दे! मालक गुडघ्यावर येतील.”

हे म्हणाले, “आणि मग तू कामाला कुठे जाशील? सासऱ्याकडे?”

शेवटी संघटनेनेच ठरवलं, की दर पाळीला एका भट्टीवाल्याने आत जाऊन नुसती आग राखायची, माल काढायचा नाही. जो आत जाईल त्याचा विमा चालू राहणार होता. भट्टीवाले चार, पाळ्या तीन. सगळ्यांत नवा लंबू बाहेर राहिला. त्याची बायको डायलिसिसवर.

संध्याकाळी हे चपला काढता काढताच म्हणाले, “माझी पाळी लंबूला दिली.”

“आणि तुमचा डोळा? तो काय भाड्याने आणलाय?”

“मला दोन आहेत. त्याला बायको एकच.”

मी देवापुढे जाऊन बसले. जप होईना.

थोड्या वेळाने लंबू आला, तो दारातच उभा राहिला. “काका, मी नाही जाणार.”

“नाही गेलास तर भट्टी विझेल. मी तर घरी बसलोय. आत ये. डोकं सांभाळ, चौकट ठेंगणी आहे.”

संप लांबला. हे रोज गेटवर बसत. घरी चहा ओतताना धार कपाबाहेर जाऊ लागली, तेव्हा मी किटली हातातून घेऊ लागले.

अखेर कंपनी नमली. हप्त्यातला वाटा तिच्याकडेच राहिला, सगळ्यांचा विमा परत सुरू झाला. ऑपरेशनही झालं. उजव्या डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच.

आता भट्टीपाशी लंबू ह्यांच्या उजव्या बाजूला उभा राहतो, कोणी सांगितलेलं नसताना. एका डोळ्याने रंगाची खात्री पटेना की हे विचारतात, “पिवळा कसला रे? हळद की लिंबू?”

“लिंबू, काका.”

“मग थोडी आच वाढव.”

काल त्याची बायको आली होती. माझा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. तिच्या मनगटाजवळ सुयांचे व्रण होते. मी देवाकडे दोन्ही डोळे मागितले होते, ते भांडण अजून मिटलेलं नाही. पण ती गेल्यावर दिवा लावला, आणि तिचंही नाव घेतलं.